आधी तिकडची यादी: अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्या मराठी माणसासाठी

फेब्रुवारी ते एप्रिल दर शनिवारी मी एडिसनजवळच्या एका वाचनालयाच्या तळघरात लॅपटॉप उघडून बसते. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, व्हीटा कार्यक्रमाची मी स्वयंसेवक आहे. दरवर्षी परीक्षा द्यायची आणि कमी उत्पन्न असलेल्यांचे रिटर्न फुकट भरून द्यायचे, हे काम. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत काम करणारे येतात, विद्यापीठातली मुलं येतात, मुलाकडे ग्रीन कार्डवर आलेले आईवडील येतात. मराठी ऐकलं की लगेच मला काकू म्हणतात आणि डब्ल्यू-२, म्हणजे इथल्या पगाराचा दाखला, पुढे सरकवतात. तो मी बाजूला ठेवते आणि विचारते, "तिकडे काय काय आहे?"

तिकडे म्हणजे सांगलीला, नाशिकला, ठाण्याला, मडगावला. इथल्या पगाराचा कागद आयआरएसकडे आधीच पोचलेला असतो, त्यात चूक झाली तरी पत्र येतं आणि निस्तरता येतं. आपल्या माणसांचं खरं नुकसान तिकडच्या विसरलेल्या खात्यांमुळे होतं. हे मी अनुभवाने सांगते. आम्ही १९९९ मध्ये इथे आलो. एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या ठेवीचं) व्याज करमुक्त, असं बँकेच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. ते भारतापुरतं करमुक्त असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आमचा टॅक्स करणाऱ्याने तर कधी विचारलंच नाही. २०१५ मध्ये बँकेकडून फॅटकाचा, म्हणजे परदेशी बँकांनी अमेरिकेला खात्यांची माहिती कळवण्याच्या कायद्याचा, फॉर्म आला, तेव्हा कळलं. मग तीन वर्षांचे रिटर्न दुरुस्त केले, सहा वर्षांचे एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारे फॉर्म, भरले आणि खात्यांतल्या रकमेवर पाच टक्के दंड दिला. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. त्यानंतर मी ही परीक्षा द्यायला लागले.

खाली लिहिलंय ते २०२५ च्या रिटर्नसाठी, जो १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचा आहे.

तुम्ही टॅक्सच्या दृष्टीने कोण?

व्हिसा कोणता, यावरून हे ठरत नाही. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही, तुम्ही रेसिडेंट. नसेल तर दिवस मोजायचे: या वर्षीचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त आणि या वर्षी निदान ३१ दिवस इथे असाल, तर रेसिडेंट. रेसिडेंटला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि फॉर्म १०४० भरावा लागतो. नॉनरेसिडेंटचा फॉर्म १०४०-एनआर, आणि त्यात सांगलीच्या ठेवीचा प्रश्न येत नाही.

एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजलेच जात नाहीत. कॅलेंडर वर्षं, हे नीट लक्षात घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या मुलीची पाच वर्षं म्हणजे २०२१, २२, २३, २४ आणि २५. ती आज ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर) भरपूर पगार घेत असली तरी २०२५ साठी नॉनरेसिडेंटच आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला तिचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, सुरू झाला असेल, तरी त्या वर्षीचे मोजायचे दिवस भरतात ९२. म्हणून १०४०-एनआरच.

इथे मुलं हमखास चुकतात. रूममेट जे सॉफ्टवेअर वापरतो तेच उघडतात आणि १०४० भरून मोकळी होतात. कॉलेजच्या १०९८-टी या फीच्या दाखल्यावर शिक्षणाचं क्रेडिट (करातली थेट सूट) घेतात, जे नॉनरेसिडेंटला मिळत नाही. रिफंड मोठा येतो, मुलं खूश होतात. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी जुने रिटर्न बाहेर काढले की वकील विचारतो, हे काय? असं झालं असेल तर १०४०-एक्स भरून आत्ताच दुरुस्त करा.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र एक सवलत आहे, जी बहुतेक देशांच्या मुलांना नाही. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, घेता येतं. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर आहे. शिवाय एफ-१ वर असलेल्या नॉनरेसिडेंटच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचं नसतं. कापलं असेल तर आधी कंपनीकडे परत मागा, त्यांनी नाही दिलं तर फॉर्म ८४३. आणि वर्षभरात एक डॉलर कमावला नसेल तरी फॉर्म ८८४३ (दिवस का मोजू नयेत ते सांगणारा) पाठवायचाच. कमाई नसेल तर त्याची मुदत १५ जून.

वर्षाच्या मधेच एच-१बी वर आलात तर

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवराबायको आले, असं समजा. २०२५ साठी दोघेही नॉनरेसिडेंट. १०४०-एनआर भरायचा तर स्टँडर्ड डिडक्शन नाही आणि जोडीने रिटर्नही नाही. पहिल्या वर्षी रेसिडेंट होण्याचा पर्याय निवडता येतो, पण त्यासाठी २०२६ मध्ये दिवसांची अट आधी पुरी व्हावी लागते. १ ऑक्टोबरला आलात तर ती जूनच्या सुरुवातीला पुरी होते. म्हणून एप्रिलमध्ये फॉर्म ४८६८ भरून मुदतवाढ घ्यायची, थांबायचं, आणि मग जोडीने १०४० भरायचा. ३१,५०० डॉलरचं डिडक्शन मिळतं. मात्र पूर्ण वर्ष जोडीने रेसिडेंट म्हणून भरलं, की जानेवारी ते सप्टेंबरचा पुण्यातला पगारही दाखवावा लागतो. तिथे कापलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे बहुतेकदा फायदाच होतो. तरी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून बघा. ऐकीव सल्ल्यावर ठरवू नका.

एच-४ वर असलेल्या जोडीदाराला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर रिटर्नसोबत फॉर्म डब्ल्यू-७ जोडून आयटीन (त्याऐवजी चालणारा टॅक्सचा नंबर) मागायचा. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायला लोक घाबरतात, मीसुद्धा पाठवला नसता. आयआरएसने मान्य केलेला सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट पासपोर्ट समोर पाहून तुमच्या हातात परत देतो.

दर वर्षी कोणीतरी विचारतं, "पुण्यातल्या आईबाबांना मीच पोसतो, त्यांना डिपेंडंट दाखवू?" नाही. अमेरिकन नागरिक नसलेली डिपेंडंट व्यक्ती अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोची रेसिडेंट असावी लागते.

यादी कशी करायची

एक कोरा कागद घ्या आणि आईला किंवा भावाला फोन लावा. लिहा: बचत खाती, एनआरई, एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं), मुदत ठेवी, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंड, रोख मूल्य साठणाऱ्या विमा पॉलिसी, भाड्याने दिलेला फ्लॅट. आणि मुद्दाम विचारा, "तुझ्या कुठल्या खात्यावर माझं नाव आहे का?" आपल्याकडे आई विधवा झाली की मुलाचं किंवा मुलीचं नाव दुसरं लावतात, सोय म्हणून. ते नावसुद्धा मोजलं जातं.

प्रत्येक खात्यापुढे दोन आकडे हवेत. एक, वर्षभरातली सर्वात मोठी शिल्लक. दोन, जानेवारी ते डिसेंबरचं व्याज.

दुसऱ्या आकड्याला लोक अडतात, कारण बँकेचा व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो. मी असं करते: भारताच्या इन्कम टॅक्स पोर्टलवरून फॉर्म २६एएस काढायला सांगते. त्यात टीडीएसच्या नोंदी तारखांसह असतात. आर्थिक वर्ष २०२४-२५ मधल्या जानेवारी ते मार्चच्या नोंदी घ्यायच्या, २०२५-२६ मधल्या एप्रिल ते डिसेंबरच्या, आणि बेरीज करायची. एनआरईवर टीडीएस नसतो, त्यामुळे त्या खात्याचं स्टेटमेंटच हवं. मग आयआरएसने दिलेल्या वार्षिक सरासरी दराने डॉलर करा आणि शेड्यूल बी मध्ये, म्हणजे रिटर्नच्या व्याजाच्या पानावर, भरा.

शेड्यूल बी च्या तिसऱ्या भागात परदेशी खातं आहे का, असा हो-नाहीचा प्रश्न आहे. व्याज किरकोळ असलं तरी खातं असेल तर तो भाग भरावाच लागतो. घाईत तिथे "नाही"वर खूण करू नका. खोटं उत्तर सहीनिशी दिलं की पुढे "मला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड होतं.

एनआरओच्या व्याजावर भारतात ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात. लोकांना वाटतं तेवढं सगळं क्रेडिट इथे मिळेल. तसं नाही. करारानुसार व्याजावर भारताचा हक्क १५ टक्क्यांचा आहे, आणि क्रेडिट तेवढ्यापुरतंच. वरचे पैसे भारतात रिटर्न भरून परत मागायचे. आधीच कमी कापून घ्यायचं असेल तर बँकेला रहिवासाचा दाखला आणि फॉर्म १०एफ द्या. दाखला म्हणजे आयआरएसचा फॉर्म ६१६६. तो फॉर्म ८८०२ आणि ८५ डॉलर भरून मिळतो, पण हातात यायला वेळ लागतो. वर्षाच्या सुरुवातीलाच मागवा.

आता एफबार. हा टॅक्सचा फॉर्मच नाही, रिटर्नसोबत जातही नाही. ट्रेझरी म्हणजे अमेरिकेचं अर्थखातं, त्याच्या फिनसेन विभागाच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा, फी नाही. वर्षात कधीही सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली की भरायचा. सगळ्या खात्यांची मिळून, हे महत्त्वाचं. आईसोबतची ठेव ५ लाख, एनआरओ अडीच लाख, पीपीएफ ३ लाख. एकेकटं बघितलं तर काहीच वाटत नाही. बेरीज साडेदहा लाख, आणि डॉलरला ९० रुपये धरले तर ११,६०० डॉलरच्या वर. भरावा लागेल. आईच्या ठेवीची पूर्ण रक्कम लिहायची, निम्मी नाही. पण ते पैसे खरोखर आईचे असतील तर त्याचं व्याज तुमच्या १०४० वर येत नाही. एफबारसाठी रुपयांचे डॉलर करायचा भाव ३१ डिसेंबरचा, ट्रेझरीने जाहीर केलेला. मुदत १५ एप्रिल, पण न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.

रक्कम मोठी असेल तर फॉर्म ८९३८ सुद्धा. इथे राहणाऱ्या एकट्या माणसाला वर्षअखेर ५०,००० किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलरच्या वर, जोडीने भरणाऱ्यांना १,००,००० किंवा १,५०,०००. हा रिटर्नसोबतच जातो. स्वतःच्या नावाचा फ्लॅट आणि लॉकरमधलं सोनं दोन्हींत येत नाही.

कोणाला कळणार आहे, असं अजूनही ऐकते. भारत आणि अमेरिकेने जुलै २०१५ मध्ये फॅटकाचा करार केला, तेव्हापासून भारतीय बँका ही माहिती कळवतात. मागचं राहून गेलं असेल तर घाबरून गप्प बसू नका. उत्पन्न सगळं दाखवलं होतं आणि फक्त एफबार राहिला असेल, तर आयआरएसचं पत्र येण्याआधी कारण लिहून तो भरा, दंड लागत नाही. व्याजच दाखवलं नसेल तर आम्ही केलं ते, म्हणजे स्ट्रीमलाइन्ड पद्धत. २०२३ मध्ये बिटनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अजाणतेपणी राहिलेल्या एफबारचा दंड दर वर्षाच्या फॉर्मवर मोजायचा, प्रत्येक खात्यावर वेगळा नाही. पूर्वी लोकांची झोप उडायची ती त्या हिशेबाने.

म्युच्युअल फंड, फ्लॅट आणि कंपनीचे शेअर

भारतातली एसआयपी ही इथल्या कायद्यात सर्वात महाग पडणारी गुंतवणूक आहे. भारतीय म्युच्युअल फंड पीएफआयसी, म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, धरला जातो. कर मोजायची दुसरी पद्धत आधी न निवडता विकला, तर नफा धरलेल्या सगळ्या वर्षांत वाटून मागच्या वर्षांच्या हिश्शावर सर्वोच्च दराने कर आणि वर व्याज. प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. वर्षअखेर सगळे मिळून २५,००० डॉलरच्या आत असतील, जोडीने ५०,०००, आणि वर्षात विक्री किंवा मोठा लाभांश नसेल, तर साधारणपणे फॉर्म माफ आहे. अमेरिकेत राहायचं ठरलं असेल तर नवीन एसआयपी बंद करा, हे मी सरळ सांगते. जुन्यांचं काय करायचं ते या विषयातल्या सीपीएला (इथल्या सनदी लेखापालाला) विचारा. व्हीटामध्ये आम्हाला ८६२१ भरायची परवानगी नाही.

फ्लॅट विकण्याचा हिशेब अनेकांना पटत नाही. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांना असताना ४५ लाखांना घेतला, असं समजा. खरेदी एक लाख डॉलर. २०२५ मध्ये ८७ रुपयांच्या दराने ८७ लाखांना विकला. विक्रीही एक लाख डॉलर. अमेरिकेच्या हिशेबात नफा शून्य! भारतात मात्र ४२ लाखांचा नफा आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी सव्वापाच लाख कर, वर सेस. इथे कर लागलाच नाही, मग क्रेडिट वळतं कशातून करणार? ते त्याच प्रकारच्या परदेशी उत्पन्नासाठी दहा वर्षं पुढे नेता येतं. त्यासाठी फॉर्म १११६ भरून ठेवावा लागतो. फ्लॅट वारशाने आला असेल तर खरेदी किंमत म्हणजे वडील गेले त्या दिवशीची बाजारभावाची किंमत, त्यांनी १९८५ मध्ये दिलेली नाही. तेव्हाचा मूल्यांकनाचा दाखला काढून ठेवा. आणि आईबाबांनी भेट म्हणून एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त पाठवले, तर कर नाही, पण फॉर्म ३५२० हवा. तो चुकवल्याचा दंड फार मोठा आहे.

आयटीवाल्यांसाठी एक इथलीच गोष्ट. आरएसयू, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर, हातात आले तेव्हा त्यांची किंमत डब्ल्यू-२ मध्ये पगार म्हणून धरलेली असते. विकल्यावर ब्रोकरच्या १०९९-बी या विक्रीच्या दाखल्यावर खरेदी किंमत बहुतेकदा शून्य किंवा कोरी असते. ती तशीच उतरवली की एकाच पैशावर दोनदा कर भरता. ब्रोकरचं पुरवणी स्टेटमेंट उघडा, खरी किंमत शोधा आणि फॉर्म ८९४९ मध्ये कोड बी घालून दुरुस्ती करा. यातून लोकांचे हजारो डॉलर वाचलेले मी पाहिलेत.

या वर्षी काय बदललं

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन वाढलं: एकट्याला १५,७५०, जोडीने ३१,५००, हेड ऑफ हाउसहोल्डला (एकट्याने घर चालवून मुलं किंवा आईबाप सांभाळणाऱ्याला) २३,६२५ डॉलर. मुलामागे चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० झालं, पण मुलाला आणि आईबापांपैकी निदान एकाला कामासाठी ग्राह्य सोशल सिक्युरिटी नंबर हवा. आयटीन असलेल्या, इथे राहणाऱ्या मुलासाठी ५०० डॉलरचं क्रेडिट आहे. राज्याचा टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून वजा करण्याची मर्यादा १०,००० वरून ४०,००० झाली. न्यू जर्सीत घर असणाऱ्यांनी यंदा आयटमाइझ करून, म्हणजे ठरावीक वजावटीऐवजी खर्च एकेक दाखवून, बघाच.

शेड्यूल १-ए हा नवा कागद आहे. टिप्स, ओव्हरटाइम, नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज आणि ज्येष्ठांचं डिडक्शन त्यात येतं. गाडीची शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली असावी लागते आणि तिचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, लिहावा लागतो. ज्येष्ठांचं मात्र मी प्रत्येक ६५ किंवा त्यावरच्या माणसाला विचारते: प्रत्येकी ६,००० डॉलर, उत्पन्न ७५,००० च्या वर, जोडीने १,५०,००० च्या वर गेलं की कमी होत जातं. ग्रीन कार्डवरच्या, दुकानात अर्धा दिवस काम करणाऱ्या आजोबांना याचा खरा उपयोग आहे.

भारतात पैसे पाठवण्यावरच्या कराची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. पहिल्या मसुद्यात ५ टक्के होते, मग साडेतीन झाले, शेवटी १ टक्का. तोही १ जानेवारी २०२६ पासून रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेकने पाठवलेल्या पैशांवरच. बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट, क्रेडिट कार्डाने पाठवलेत तर लागत नाही.

फुकट ऑनलाइन रिटर्न भरायच्या सोयींपैकी आयआरएसचं डायरेक्ट फाइल यंदा बंद आहे, फ्री फाइल चालू आहे. रिफंडचे कागदी चेक बंद होत चाललेत, म्हणून खात्याचा नंबर दोनदा तपासा.

पैसे नसले तरी रिटर्न वेळेत भरा. न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, न दिलेल्या पैशाचा अर्धा टक्का. इतका फरक आहे, आणि तरी लोक पैसे जमेपर्यंत रिटर्न दाबून ठेवतात. १५ ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ कागदाची असते, पैशाची नाही. एनआरईचं व्याज मोठं असेल तर कंपनीत डब्ल्यू-४ बदलून जास्त कापून घ्या, म्हणजे एप्रिलमध्ये एकदम ओझं येत नाही.

पैसे देऊन रिटर्न करून घेत असाल तर त्यावर करणाऱ्याची सही आणि पीटीन, म्हणजे आयआरएसने त्याला दिलेला नंबर, आहे ना, ते बघा. रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्याकडे जाऊ नका. फॉर्म ८८७९ वर (रिटर्न ऑनलाइन पाठवायच्या संमतीवर) सही करण्याआधी संपूर्ण रिटर्न वाचा, आणि शेड्यूल बी चा तिसरा भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आमच्याकडे येताना स्वतःचं आणि जोडीदाराचं फोटो असलेलं ओळखपत्र, सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी किंवा आयटीनचे मूळ कागद, गेल्या वर्षीचा रिटर्न आणि ती यादी आणा. जोडीने भरायचं असेल तर दोघेही या, सही दोघांची लागते. एफबार भरल्यावर येणारी पावती छापून यादीलाच टाचा आणि पाच वर्षं ठेवा. पुढच्या जानेवारीत तोच कागद काढायचा, नवे आकडे लिहायचे, आणि आईला पुन्हा फोन करायचा.